दोन वडांच्या मधून

“हळू चाल गं सोम, माझा गुडघा आज रुसलाय,” जुसोह म्हणाला आणि त्याने बायकोचा दंड धरला.

सकाळपासून तो असाच कलसोमच्या दंडाला लटकला होता. त्रेंगानूच्या खाडीवर होड्या बांधण्यात या माणसाचा जन्म गेला. खांद्यावर फळी घेऊन शिडी चढायचा. पण समुद्र ओलांडून योग्यकर्ता शहराच्या फुटपाथवर पाय ठेवला आणि एकदम म्हातारा झाला. पायरी आली की कण्हायचा, “आई गं, परत पायरी!” रस्ता आला की म्हणायचा, “थांब, मला या रिक्षांची भीती वाटते.” आणि चालायचं ते मधोमध गेलेल्या पिवळ्या, उंचवट्यांच्या लाद्यांवरूनच. म्हणे, तळपायाला मालीश होते.

कलसोमला हसू येत होतं आणि बरंही वाटत होतं. त्याला आधार देता देता तिलाच आधार मिळत होता, आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

तिची नजर कडेकडेने मिटत चालली होती. रोज्यांच्या महिन्याआधीच डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, वर्षअखेरपर्यंत दिसेल, पुढचं काही खरं नाही. तो कागद तिने तांदळाच्या डब्यात तळाशी दडपला आणि नवऱ्यामागे लकडा लावला. लग्नाला तीस वर्षं झाली, मला एकदा परमुलूख दाखवा. घरी परतल्यावर ती सांगणारच होती. पण हा एक दिवस तिला पूर्वीसारखा हवा होता. त्याने चिडवावं, भांडावं, तिच्या पुढ्यातलं उचलून खावं. एकदा कळलं की तो गप्प होईल आणि तिला काचेच्या भांड्यासारखी जपेल. आंधळेपणापेक्षा तिला त्याचीच जास्त भीती वाटत होती.

शहर तिला बांबूच्या नळीतून पाहावं तसं तुकड्यातुकड्यांनी भेटत होतं. पिंजऱ्यातलं एक करडं कबुतर. कापडावर मेणाची रेघ ओढणारा हात. त्या हातामागची बाई तिला दिसलीच नाही. रिक्षाच्या टपाखाली झोपलेल्या कुणाचे तरी दोन तळवे. एकेक गोष्ट यायची, उजळायची आणि विरून जायची. तिला वाटलं, आपण जागेपणी स्वप्न पाहतोय, आणि ते काही वाईट नाही.

बाकीचं शहर जुसोह बडबडून भरून काढत होता. “अगं, डावीकडे बघ, केवढा हिरवा दरवाजा! आणि त्यात ती जाडी बाई कशी मावली?” पूर्वी चिडवण्या-भांडण्यापलीकडे दिवसभरात दहा वाक्यं बोलेल तर शपथ. म्हातारपणी तोंड सुटलंय, कलसोम मनात म्हणाली.

जुन्या जलमहालाच्या भुयारापाशी मात्र तो अडून बसला. “मी नाही आत येत. कोंडल्यासारखं होतं.” कलसोमने मनातल्या मनात अल्लाचे आभार मानले. अंधारात तिचं बिंग फुटलंच असतं.

दुपारी एका टपरीवर ते जेवायला बसले. पहिलाच घास घेऊन जुसोह ओरडला, “फणसाच्या भाजीत गूळ? ही भाजी आहे की खीर?”

“बापाक, तिखट हवं असेल तर घरी जाऊन बायकोशी भांडा,” टपरीवाली म्हणाली.

“तिच्याशी भांडूनच आलोय! सोम, तुझ्या पानात उजवीकडे अंडं आहे, ते मला दे.”

“तुम्हाला माझ्याच पानातलं का दिसतं हो, अबांग?” असं म्हणून तिने वर पाहिलं. त्याचं कपाळ तिच्या नजरेच्या वर्तुळात आलं. “आणि हे टेंगूळ कसलं?”

“दाराची चौकट.”

“या महिन्यातली चौथी.”

“होड्या बांधताना अक्कल होती. घर बांधताना नव्हती,” तो म्हणाला आणि अंडं तोंडात टाकलं.

बाजारात तिने एका निळ्या ओढणीवरून हात फिरवला. “माझी अशीच होती. काठाला मी जाईच्या कळ्या भरल्या होत्या. कुठे गेली कोण जाणे.”

“ठेवली असशील कुठेतरी आणि विसरली असशील,” तो म्हणाला. ते तिला लागलं. हल्ली वस्तू समोर असून सापडत नाहीत, हे त्याला कुठे माहीत होतं!

उन्हं कलल्यावर ते दक्षिणेकडच्या मैदानात आले. मधोमध दोन जुने वड. डोळे बांधून त्यांच्या मधून सरळ जो पार जाईल, त्याची इच्छा पुरी होते, अशी इथली समजूत. पण सरळ जाणं कुणालाच जमत नव्हतं. एक जाडा गृहस्थ हात पसरून थेट कणसवाल्याकडे चालला होता आणि त्याची बायको हसून हसून खाली बसली होती.

“पट्टी घ्या, ईबू,” पट्ट्या भाड्याने देणारी म्हातारी कलसोमला म्हणाली.

कलसोम एक पाऊल मागे सरली. “मला नको. यांना द्या.”

“भाड्याची नको, कुणाकुणाचा घाम लागलेला असतो,” असं म्हणत जुसोहने पाठ फिरवली आणि खिशातून आपलंच काहीतरी कापड काढून डोळ्यांवर बांधलं.

तो निघाला. त्याची चौकड्यांच्या सदऱ्यातली पाठ तिच्या वर्तुळात बरोबर मावत होती. आता वळेल, आता कणसवाल्याकडे जाईल, म्हणून ती हसायच्या तयारीत थांबली. तो वळला नाही. त्याने हातही पुढे केले नाहीत. रुसलेला गुडघा घेऊन तो न अडखळता, एका लयीत, सरळ दोन वडांच्या मधून पार गेला.

“पहिल्याच खेपेला?” म्हातारी म्हणाली. “इथली माणसं चार-चारदा चुकतात, बाई!”

कलसोम त्याच्या मागोमाग गेली. तो पाठमोराच उभा होता. तिने गाठ सोडायला हात वर केला. कापड घड्यांवर विरलं होतं, रोज बांधून सोडावं तसं. तिची बोटं काठावरून सरकली आणि जाईच्या एकेका कळीवर अडली.

“तांदळाचा डबा तळाला गेला त्या दिवसापासून मोजतोय. चूल ते न्हाणी अठरा पावलं,” जुसोह वळून न बघता म्हणाला. “मधला उंबरा फार लागायचा. तुला लागू नये म्हणून निघायच्या आधी तासून आलोय.”