रिकामा मिक्सर

भर दुपारी स्वयंपाकघरात मिक्सर घरघरू लागला आणि तेजस्वीच्या हातातली ओली साडी खाली पडली.

भिंतींना कान असतात म्हणतात. बदलापूरच्या या घरात त्या कानांचीही सोय करून ठेवलेली होती. तेजस्वीचा नवरा प्रज्वल याने तिच्यावर हात उचलला, की त्याची आई कौसाबाई मिक्सर लावायची. भांड्यात काही नसलं तरी. शेजारी म्हणायचे, यांना चटणी फार लागते बुवा.

शेवटी तेजस्वी कोर्टात गेली. चौकशीला आलेल्या संरक्षण अधिकारी बाईंना कौसाबाईने तोंडावर सांगितलं, आमच्यात असलं काही होत नाही. ते खोटं सुनेच्या मनात अजून सलत होतं. तरी कोर्टाने तिला याच घरात राहायचा हक्क दिला आणि प्रज्वलला उंबरा बंद केला. तो वांगणीला खोली घेऊन राहू लागला.

या आठवड्यात तेजस्वीची आनंदनगरच्या कारखान्यातली पाळी बदलली. दुपारी ती घरी असू लागली. काल असाच मिक्सर वाजला, पण ताटात चटणी आली नाही. तिने भांडं चाचपून पाहिलं. आतून कोरडं ठणठणीत, आणि खालचा मिक्सर चटका बसेल इतका तापलेला. मार खाऊन खाऊन आपल्यालाच भास होतायत म्हणावं, तर तो चटका खरा होता.

आज स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं. बाहेर प्रज्वलच्या चपला दिसत नव्हत्या. पण चपला लपवायला कितीसा वेळ लागतो? तो परत आला असेल, तर पळावं, असं तिला फार वाटलं. मग स्वतःचाच राग आला. राहायचा हक्क तिचा होता. अधिकारी बाईंचा नंबर मोबाईलवर काढून तिने दार ढकललं.

आत प्रज्वल नव्हता. सासरा हिरामण पट्टा घेऊन उभा होता. कौसाबाई ओट्यावर वाकली होती. एक हात डोक्यावर, दुसरा मिक्सरच्या बटणावर.

सुनेला बघून हिरामणने पट्टा शांतपणे कमरेला लावला आणि मागच्या दाराने निघून गेला.

कौसाबाईने बटण बंद केलं. तिची नजर सुनेच्या मोबाईलवर होती.

“लाव तो फोन,” ती म्हणाली. “या वेळंला खरं सांगीन. मिक्सर नव्हता ना घरात, तवा मी रिकाम्या उखळात मुसळ हाणायची.”