विहिणीचा घास

लेकीच्या सासरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, हे कनकनं लग्नापासून पाळलं होतं. विहीण बिलासिनी दर वेळी ताट वाढून रुसून बसायची. आज मात्र तीच तिला जगन्नाथपुरी दाखवत होती. गुंडिचा मंदिर झालं, समुद्र झाला, दर्शन झालं. शेवटी देवळाच्या आवारातल्या आनंदबाजारात, जिथे महाप्रसाद मिळतो, बिलासिनीनं डाळभाताचं गाडगं पुढ्यात ठेवलं. “घ्या, विहीणबाई. माझ्या चुलीवरचं नाही, देवाच्या चुलीवरचं आहे.” महाप्रसादाला नाही कसं म्हणणार? कनकनं तोंड उघडलं. घास भरवून बिलासिनीनंही आ केला. कनकनं हसत तिला भरवलं आणि मग तिची ट्यूब पेटली: इथल्या रिवाजात एकमेकींना महाप्रसाद भरवला की जन्माची मैत्री जुळते, हाकसुद्धा ‘महाप्रसाद’ अशीच मारायची. “लबाड आहात,” ती म्हणाली. “आता आहेस म्हण,” बिलासिनी घास चावत म्हणाली. “उद्या पखाळभात खायला ये, महाप्रसाद. लेकीच्या सासरी नको, मैत्रिणीच्या घरी.”