नऊ नंबरची नळी

सतरा नंबरच्या नळीचा आकडा पडद्यावर आला आणि ताईंनी डोळे मिटून घेतले. बत्तीस.

खरं तर बत्तीस म्हणजे चांगलंच. या तापात अंगातल्या अँटीबॉडी विषाणूशी लढतात, पण काही जणांत त्या फिरतात आणि आपल्याच शरीरावर तुटून पडतात. कुंपणच शेत खातं म्हणतात ना, तसं. अशा फिरलेल्या अँटीबॉडींचा आकडा शंभराच्या पुढे गेला की चार दिवसांत श्वास कोंडणार, हे प्रयोगशाळेत सगळ्यांना पाठ होतं. शंभरापुढच्यालाच इंजेक्शन मिळायचं. आणि ते उरलं होतं एकच. नवीन साठा आठवड्याने येणार होता.

नळ्यांवर नावं नसत, नुसते नंबर. कुणी आपल्या माणसाची वर्णी लावू नये म्हणून मोठ्या डॉक्टरीणबाईंनी घातलेली शिस्त. नावांची वही त्यांच्या खणात कुलपात असे. पण सतरा नंबर कोण ते ताईंना माहीत होतं. धाकट्या भावाचं रक्त त्यांनी स्वतःच काढलं होतं.

फोन वाजला. भाऊच होता, वरच्या वॉर्डातून.

"ताई, लागला का गं निकाल? शाळेत होतो तसा नापास नाही ना?" पुढचं खोकल्यात बुडालं. खोकला थांबेचना.

"गप पड बघू. बोलू नकोस," ताई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

चाचणी दहातल्या नऊ वेळा खरी ठरायची. ताईंना उरलेली एकच वेळ दिसत होती. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता, त्यांच्याच पदराला धरून वाढला होता. बत्तीस आकडा घेऊन तो आज घरी जाणार, आणि तिथे त्याचा श्वास अडकला तर?

पडद्यावर थोडं वर नऊ नंबर होता. चारशे दहा.

असेल कुणाचा तरी बाप. कुणाची तरी लेक. ताईंना स्वतःची लाज वाटली, पण भीती लाजेचं ऐकते थोडीच! आकडे कागदावर हातानेच उतरवायचे असत. सतरासमोर त्यांनी चारशे दहा लिहिलं, नऊसमोर बत्तीस. सही केली, कागद पाठवला आणि पडद्यावरचे आकडे पुसून टाकले.

त्यांनी चहाचा घोट घेतला. आज चहाला चवच नव्हती मेली. कोपराच्या आत चिकटवलेला कापूस खाजत होता, तोही काढून टाकला.

तासाभराने डॉक्टरीणबाई वही घेऊनच आल्या.

"तुमच्या भावाला इंजेक्शन दिलं हो. शेवटचंच होतं. वेळेवर कळलं म्हणायचं."

ताईंना रडू आवरेना.

"आता पुसा डोळे. तुमची स्वतःचीही काळजी मिटली. सकाळी तुम्हा सगळ्या कर्मचाऱ्यांचं रक्त घेतलं ना, ते मी याच खेपेत घातलं होतं. लागण तुम्हालाही झालीय, पण अगदी हलक्यावर निभावेल. बत्तीसच आलाय."

त्यांनी वही उघडली आणि ताईंच्या नावावर बोट ठेवलं.

"हे बघा. नंबर नऊ."