कलिंगडाचं कॉकटेल

धायरीच्या फ्लॅटमध्ये रविराजला रोज संध्याकाळी बायकोच्या, शेफालीच्या हातचं कॉकटेल लागायचं. कलिंगडाच्या रसात लिंबू, चुरडलेला पुदिना आणि वर जिन. ते चढलं की तो तिला मारायचा आणि सकाळी पाय धरून रडायचा, "मी नाही गं मारत, ती दारू मारते."

शेफालीने ते खरं मानलं होतं. आज मात्र अगदीच सहन होईना, तेव्हा तिने सगळी जिन सिंकमध्ये ओतली, बाटलीत पाणी भरलं आणि घशाला झोंबावं म्हणून ग्लासात आल्याचा रस पिळला.

"आज भारी जमलंय!" दुसरा ग्लास संपवत रविराज म्हणाला. तिचा जीव भांड्यात पडला.



मग जेवताना आमटीत मीठ कमी लागलं, आणि त्याने तिच्या कानाखाली जाळ काढला, अगदी रोजच्यासारखाच.