चढावरची समजूत

"काय हवंय तुला, लेका? बोल की!" म्हाताऱ्या ओचोलाने शवपेटीवर काठी आपटली.

पेटी काही बोलली नाही. बॉनेटखालून मात्र वाफ फसफसत होती.

नैरोबीहून निघालेली ती गाडी केरिचोच्या चढावर पुन्हा तापून उभी राहिली होती. पुढच्या काचेवर ओकुमूचा हसरा फोटो आणि लाल फीत, टपावर त्याची खुर्ची आणि गादी. पेटीभोवती दाटीवाटीने बसून आलेले नातेवाईक आता खाली उतरून मयताची मनधरणी करत होते. मयताची गाडी वाटेत अडली म्हणजे मयतच अडून बसलंय, हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

ओसेवे मेस्त्री बाजूच्या दगडावर बसून भाजलेलं कणीस खात होता. या चढावर अशा कितीतरी गाड्या त्याने चालू करून दिल्या होत्या. भुताखेतांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. पण मयताची समजूत काढायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात इंजिन निवतं, हे त्याला अनुभवाने कळलं होतं. म्हणून तो कुणाला घाई करत नसे.

"बैलाचं मनात आहे का रे, दादा?" धाकट्या ओगुटूने गळा काढला. "तुझा बैल मी विकला. कबूल!"

मुगो ड्रायव्हरने किल्ली फिरवली. तापमानाचा काटा सरसर लाल रेषेवर गेला.

"बैल नाही," म्हातारा म्हणाला. "आठव, ओगुटू, अजून आठव. तुझ्याकडे काय कमी असणार आहे!"

ओगुटू आठवत बसला. मेस्त्री कणीस टाकून उठला. पट्टा ठीक, पंखा ठीक, नळ्या ठीक. पण इंजिन चटका देत होतं आणि रेडिएटर गारच होता. म्हणजे पाणी इंजिनात कोंडलं होतं. मधली झडप, तो थर्मोस्टॅट, चिकटून बसला होता. त्या रस्त्यावर थर्मोस्टॅट कुणी बदलत बसत नाही. काढून फेकतात आणि पाण्याला वाट मोकळी करतात. ओसेवेने थोडा वेळ जाऊ दिला, मग बोल्ट सोडवून तो काढला. असेल नसेल तेवढं पाणी भळभळा रस्त्यावर सांडलं. बोल्ट पुन्हा आवळून झाले, आता फक्त नवं पाणी भरायचं राहिलं होतं.

तेवढ्यात ओकुमूची बायको, अदोयो, बॉनेटपाशी आली.

"झाली का नीट, मेस्त्री?"

"झालीच समजा, वहिनी."

"मग कुणाला सांगू नका." तिचा आवाज अगदी खाली होता. "माती झाली की मला ओगुटूच्या घरात त्याची बायको म्हणून बसवणार आहेत. मला न विचारता ठरवून टाकलंय. मी आता पेटीपाशी जाऊन यांच्याशी बोलते. मी बोलले की गाडी चालू व्हायला हवी. एवढं कराल?"

ओसेवेने ओगुटूकडे पाहिलं. त्याच्या अंगात ओकुमूचा कोट होता, बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. मेस्त्रीला त्या बाईची फार दया आली.

"करतो," तो म्हणाला आणि पाण्याचा डबा आणायला वळला.

अदोयोला मात्र धीर निघाला नाही. तिने पेटीवर दोन्ही हात ठेवले.

"अकोथचे बाबा, मला ओगुटूच्या घरात जायचं नाही. तुम्हालाही ते नको असेल, तर गाडी चालू द्या."

म्हाताऱ्याने ओगुटूकडे रोखून पाहिलं.

"मुगो, किल्ली!"

"थांबा, पाणी..." ओसेवे ओरडला, पण इंजिन पहिल्याच झटक्यात चालू झालं आणि बायकांच्या किलकाऱ्यांत त्याचा आवाज बुडाला.

"ऐकलंत?" म्हाताऱ्याने काठी उंचावली. "अदोयोला कुणी हात लावायचा नाही! आणि ओगुटू, तो कोट काढ आधी."

ओसेवे डबा घेऊन धावत आला. पाण्यावाचून इंजिन किती वेळ तग धरणार? आता ते बंद पडलं, तर मयताने शब्द फिरवला असं सगळे म्हणणार आणि बाईचं सगळं संपणार. लोक जागेवरून भांडत सावकाश गाडीत चढत होते. ओसेवे करपल्या वासाची वाट पाहत राहिला. वास आला नाही. इंजिन संथ घुरघुरत होतं. त्याने भीत भीत तळहात टेकवला.

धातू गार होता, सावलीतल्या माठासारखा. त्याने रेडिएटरचं झाकण काढून आत पाहिलं. आत ठणठणाट होता.

"हात काढा, मेस्त्री, नाहीतर तुम्हालाही पेटीतून न्यावं लागेल!" मुगोने हसत झाकण लावलं आणि धाडकन बॉनेट मिटलं.

अदोयो खिडकीतून वाकली. तिचे डोळे भरले होते.

"यांच्या नावावर खोटं बोलले हो मी. ते बिचारे काहीच बोलले नव्हते. मला माफ करतील ना?"

ओसेवे आपल्या गार तळहाताकडे पाहत राहिला. गाडी हलली. वाफेची एक रेघही न सोडता तिने चढ घेतला आणि चहाच्या मळ्यापाशी वळण घेतलं.

पाण्याने काठोकाठ भरलेला डबा तिथेच टाकून तो गाडीमागे धावत सुटला.

"वहिनी, थांबा! ते बोललेत! वहिनी, ते बोललेत!"