इग्लूचं दार

निवीनं आतूनच बर्फाची शेवटची लादी डोक्यावरच्या भोकात बसवली आणि इग्लू बंद झाला. दार सगळ्यात शेवटी, आतून कापायचं असतं. शहरात वाढलेल्या नातीला इनुइट आजी आर्क्टिकमधल्या राष्ट्रीय उद्यानाच्या शिबिरात हेच शिकवत होती.

निवीनं भिंतीला सुरी टेकवली, तोच बाहेरून आजी कुजबुजली, "कापू नकोस. अस्वल आलंय."

"आणि तू?"



आजीचा आवाज आला होता तिथंच निवीनं सपासप दार कापलं, आजीला आत ओढलं आणि कापलेली लादी परत दारात ठोकली.

आजीनं दबक्या आवाजात विचारलं, "सांधे बर्फानं नीट बुजवलेस ना गं?"

निवीनं वळून पाहिलं. घाईत एक सांधा राहिला होता. मघापर्यंत तिथून उजेड येत होता.

आता गरम श्वास येत होता.