कुंचल्याचं टोक

"आजकालच्या मुलींना कुंचल्याला साधं टोक काढता येत नाही," कुनिगुंडेबाई माझ्या कानाशी कुरकुरल्या. "ही नवी सून सारखी आपली फडक्याला पुसत बसते. आमची उर्सुला बघ, ओठांत धरून एकदा फिरवला की केसासारखी रेघ."

न्यूरेंबर्गच्या त्या घरात त्यांचा मुलगा योब्स्ट तांब्याच्या पत्र्यावर फुलं कोरायचा आणि छापून आलेल्या कागदांवर आम्ही बायका रंग भरायचो. मी हिरवी पानं रंगवायचे. पिवळ्या पाकळ्या मात्र घरच्या सुनेनंच रंगवायच्या. पिवळा रंग म्हणजे हरताळ नावाच्या खनिजाची महागडी पूड, ती परक्या हातात द्यायची नाही. पहिली सून उर्सुला पोटदुखीनं गेली. तिच्या जागी आलेली सिबिलाही पोटदुखीनंच गेली. "या घराला सुनाच नाजूक मिळतात," असं म्हणायचं आणि माना पुन्हा कागदात घालायच्या, एवढंच आम्ही केलं.

आता फ्रँकफर्टची जत्रा तोंडावर आली होती आणि पिवळ्या ट्युलिपांच्या कागदांचा ढीग रंगवायचा तसाच पडला होता.

"अगं, धर की ओठांत. मोठी राजकन्या लागून गेलीस?" सासूबाई करवादल्या.

तिसरी सून अपोलोनिया ओशाळली. पिवळ्यात बुडवलेला कुंचला तिनं हळूच तोंडाकडे नेला.

 

योब्स्टनं पत्र्यावरची मान वर न करताच विचारलं, "आई, उंदरांसाठी पिठात कालवतेस, ती हीच पूड ना?"